धाकली कारळी

संघप्रियाला वाटलं होतं, डोंगर आपली वाट बघत असेल. डोंगराला ती आल्याचं कळलंही नाही. मला कळलं, कारण तिने मला तोडलं.

मी एक वाळलेली फांदी बोलतेय. घोडबंदर गावाच्या मागे जो डोंगर होता, त्याच्या खाडीकडच्या उतारावर माझं झुडूप होतं. आता मी मीरा रोडला, पूनम सागरमधल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहते. जाड पांढऱ्या कागदावर मला पाच ठिकाणी दोऱ्याने टाचलंय. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर तारीख बरोबर आहे, जागा बरोबर आहे, तोडणारीचं नाव बरोबर आहे. फक्त माझं नाव चुकलंय.

एवढ्याशा चुकीची काय गोष्ट सांगायची, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

संघप्रिया सहा वर्षं स्कॉटलंडला झाडांचं शिक्षण घेत होती. तिथे एका थंड इमारतीत कपाटांच्या रांगाच्या रांगा आहेत आणि त्यांत दीडशे वर्षांपूर्वी साहेबांनी नेलेल्या, आपल्याकडच्या डोंगरांवरच्या फांद्या माझ्यासारख्याच कागदावर निजलेल्या आहेत. परत आल्यावर ती आपल्या आईला, सरोजाबाईंना, सांगत होती, "आई, आपल्या डोंगराची झाडं बघायला मला तिथल्या बाईंकडे किल्ली मागावी लागायची. दर वेळी सही करून. इतका राग यायचा!" त्या रागातच तिने ठरवलं होतं की परत जायचं, आणि आपल्या झाडांचं कपाट आपल्या गावात उभं करायचं. इथलं इथेच राहिलं पाहिजे.

तिला वाटलं होतं, गावात पानापानाला नाव असेल. म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं की वह्या भरतील. तरुण पोरं सोबत डोंगर चढतील. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, किला देखना है या रिसॉर्ट जाना है?" गावातल्या ज्या पोराला तिने झुडूप दाखवलं, तो म्हणाला, "झाडी हाय." दुसरं दाखवलं. "ती पन झाडीच." डोंगराचा एक खांदा आधीच कापलेला होता. लाल माती उघडी पडली होती आणि तिच्यावर निळ्या पत्र्याचं कुंपण होतं.

उरलेला उतारही जाणार होता. तो सपाट करून तिथे काहीतरी मोठं उभं राहायचं होतं; काय, ते मला कधी नीट कळलं नाही. मला फक्त एवढं कळलं की हरकत घ्यायला एका महिन्याची मुदत होती. संघप्रिया आणि तिच्या ओळखीच्या चार जणांनी ठरवलं, उतारावरच्या झाडांची यादी करून द्यायची. त्यात एक जरी झाड असं निघालं की जे इतरत्र सहज सापडत नाही, तर मशीन चढण्याआधी पुन्हा पाहणी करणं भाग होतं. एक झाड. तेवढ्यावर सगळा उतार टांगलेला होता.

ते झाड मी होते.

हे मी मिरवायला सांगत नाही. माझा जन्म काही मोठ्या घराण्यातला नाही. शेवंती, झेंडू, सूर्यफूल ही आमच्याच कुळातली मंडळी. पण ती देवाला जातात, बागेत राहतात. आम्ही खडकाच्या फटीतल्या. तुम्ही ज्याला एक फूल म्हणता, ती आमच्यात अख्खी चाळ असते. वीस-पंचवीस बारीक फुलं एकाच छपराखाली दाटीने राहतात. बी पिकलं की त्याला केसांचा झुबका येतो आणि ते वाऱ्यावर निघतं. मुलं त्याला म्हातारी म्हणतात आणि तिच्यामागे धावतात. माझं झुडूप अशाच एका म्हातारीने त्या उतारावर आणलं.

तिथे आमच्या शेजारी रानकारळी होती. ती आमची नात्यातलीच. तीही कमरेएवढी, तिचीही फुलं जांभळी, तीही दिवाळीनंतर फुलायची. लांबून बघणाऱ्याला आम्ही एकच. पण फुलाखाली जी बारीक हिरवी खवलं असतात ना, ती तिची टोकाला बाहेर वळलेली, नखरेल. माझी अंगाला घट्ट चिकटलेली, टोकाशी काळपट. तिचं पान चोळलं तर बोटाला चिकटतं. माझं नाही. ती रस्त्याच्या कडेला, नाल्यात, कुठेही उगवते. मी त्या उताराखेरीज कुठे होते का, मला माहीत नाही. असेनही. झाडांना पत्ते ठाऊक नसतात.

कोण कोण आहे हे ओळखणारी गावात एकच होती. गोदूबाई. वय ऐंशीच्या आसपास. त्यांची मिठागरं होती, भातशेती होती. आता सून मंदा घरी ब्लाऊज शिवते आणि मुलगा कुठल्याशा गोदामात कामाला जातो. शेत गेलं तरी गोदूबाईचा डोंगर सुटला नव्हता. आठवड्यातून दोनदा ती हातात कोयती घेऊन यायची. कुणाला ताप आला की माझी मुळी न्यायची. तोडण्याआधी एक पान चोळायची आणि बोटं एकमेकांना लावून बघायची.

संघप्रियाने मुद्दामच तिला गाठलं. "झाडं बायकांना कळतात," ती सोबतच्यांना म्हणाली होती. "पुरुषांना विचारलं की ते पाटीवरची नावं सांगतात."

ती सकाळ मला चांगली आठवते. गोदूबाई दगडावर बसली होती आणि संघप्रिया वही घेऊन समोर उकिडवी.

"कुठली गो तू?"

"मीरा रोड. पूनम सागर."

"ती बिल्डिंग झाली. गाव कुठला?"

"जालन्याकडचं."

"मंग हितं डोंगरान काय करतेस?"

"नावं लिहितेय, आजी. झाडांची."

"नावां लिवून झाडां वाढतान काय?" गोदूबाई बोळक्या तोंडाने हसली. संघप्रियाही हसली. मग दोघी कामाला लागल्या. गोदूबाई एकेका झाडाला हात लावून नाव सांगत गेली आणि ही लिहीत गेली. किती आनंदात होती पोर! असंच तर व्हायला हवं होतं.

"ही कारळी," गोदूबाई शेजारणीला हात लावून म्हणाली.

"आणि ही?"

गोदूबाईचा हात माझ्यावर आला. तिने तोंड उघडलं. मिटलं. डोक्यावरचा पदर थोडा पुढे ओढला. मी तिच्या हाताखालीच होते, मला तो हात थांबलेला कळला. पण संघप्रियाची नजर वहीवर होती.

"ही... धाकली कारळी."

"धाकली? म्हणजे लहान? कोवळी?"

"धाकली म्हंजे धाकली."

"म्हणजे त्याच झाडाची ना?"

"येकाच डोंगराची," गोदूबाई म्हणाली आणि दोन्ही झुडपांची पानं तिच्या बोटांवर चोळली. "बघ. ती चिकटते. ही न्हाय चिकटत."

संघप्रियाने लिहून घेतलं: धाकली कारळी. कोवळेपणी पाने चिकट नसतात.

मग तिने कात्री काढली. ओळख पटवायला फुलं लागतात, म्हणून तिने सगळ्यात भरलेली फांदी निवडली. ती मी. माझं बी पिकायला अजून पंधरा-वीस दिवस होते.

पहिले आठ दिवस मी त्यांच्या घरी वर्तमानपत्राच्या घडीत, दोन लाकडी जाळ्यांच्या मध्ये, पट्ट्यांनी आवळलेली होते. रोज कागद बदलायचे. ओले कागद गॅलरीत वाळत घालायचे. समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी विचारलं, "भाभी, ये पेपर क्यूँ सुखाते हो?" सरोजाबाई म्हणाल्या, "मेरी लडकी का शिक्षण है. छे साल का है, सूखने को टाइम लगता है."

संघप्रियाचे बाबा, खंडू, नोकरीवरून आले की माझ्याकडे एकदा बघायचे. "आमच्या गावाकडं झाडपाला शेळी ओळखायची," ते म्हणायचे. "पण शेळीला कुणी स्कॉटलंडला पाठवलं नव्हतं." संघप्रिया चिडायची, आणि ती चिडली की ते खूश व्हायचे. कपाट मात्र त्यांनीच आणून दिलं. ऑफिसातलं मोडीत निघालेलं लोखंडी कपाट, स्वतः घासून, रंग देऊन.

वाळल्यावर तिने मला भिंगाखाली घेतलं. माझी खवलं बघितली. मग शेजारणीची फांदी काढली, तिची बघितली. परत माझी. कपाळाला आठी पडली. चिठ्ठीवर तिने नाव लिहिलं होतं, रानकारळी, आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं.

ते प्रश्नचिन्ह म्हणजे माझा सगळा उतार होता. मी त्याच्याकडे आशेने बघत होते.

"आई," ती स्वयंपाकघरात बघून म्हणाली, "ही वेगळी असू शकते. पण गोदूबाई म्हणते तीच."

"मग जाऊन विचार ना परत. इथं तर आहे घोडबंदर."

"परत काय विचारू? साठ वर्षं त्या डोंगरावर जातेय ती. मी भिंग घेऊन तिला सांगू की तुझं चुकतंय? दीडशे वर्षं हेच तर केलं सगळ्यांनी. गावाला काही कळत नाही म्हणून यायचं, आणि आपण नाव देऊन निघून जायचं. मला तसं नाही करायचं, आई."

"मी कुठं म्हटलं चुकतंय म्हण? मी म्हटलं, विचार."

पण मुदतीचे चार दिवस उरले होते आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं, खऱ्या श्रद्धेचं. तिने खोडरबर घेतलं आणि प्रश्नचिन्ह पुसलं. रबराचा चुरा माझ्या पानांवर पडला. तिने हलकेच फुंकर मारून तो उडवला. इतकी काळजी घ्यायची ती माझी.

यादीत बासष्ट नावं गेली. माझ्यासमोर लिहिलं होतं: रानकारळी, कोवळी रूपे. सर्वत्र आढळते.

हरकत फेटाळली गेली. कारण सरळ होतं, आणि ते यादीतच होतं: सगळी झाडं सर्वत्र आढळणारी आहेत.

त्यानंतर तीन महिने मी कपाटात होते. फाल्गुनात एके दुपारी तिने दार उघडलं, मला एका मोठ्या फाईलमध्ये ठेवलं आणि बाहेर निघाली. यादीची छापील प्रत गोदूबाईला द्यायची होती. पहिल्याच पानावर तिचं नाव होतं: माहिती सांगणाऱ्या, गोदूबाई. उतार वाचला नव्हता, पण निदान म्हातारीला तिचं नाव दाखवावं, आणि तिची धाकली कारळी किती नीट जपून ठेवलीय तेही दाखवावं, असा तिचा विचार.

मंदाने शिलाई मशीनवरून उठून चटई टाकली. गोदूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला दिसायला कमी झालं होतं, म्हणून संघप्रिया यादी वाचून दाखवू लागली. प्रत्येक नावाला म्हातारी मान हलवायची. "हाय, हाय. बराबर."

"रानकारळी. गावातली नावं, कारळी, धाकली कारळी."

"थांब, थांब," मंदा म्हणाली. "धाकली कारळी? ही कुठली?"

संघप्रियाने फाईल उघडून मला पुढे केलं. मंदाने वाकून बघितलं आणि ती फसकन हसली.

"अगं, ही तर सहदेवी! रस्त्याकडेची नव्हे, डोंगरातली सहदेवी."

"नाही, आजींनीच सांगितलं, धाकली..."

"त्या कशा सांगतील? माझ्या सासऱ्यांचं नाव सहदेव!" मंदाला हसू आवरेना. "आई जन्मात ते नाव घेणार नाहीत. अकरा वर्षं झाली त्यांना जाऊन, तरी नाही. गणपतीत कीर्तनाला बसल्या तर पांडव चारच मोजतात. धर्म, भीम, अर्जुन, नकुल, 'न् ते'. ताप आला की मला म्हणतात, 'मंदा, आपली धाकली घेऊन ये.' लग्न होऊन आले तेव्हा मला महिनाभर कळलंच नव्हतं, कोण धाकली आणायचीय!"

गोदूबाईने लटक्या रागाने सुनेच्या मांडीवर चापट मारली. ती लाजली होती. ऐंशी वर्षांची बाई, आणि गालावर ते तसलं लाजणं.

संघप्रिया हसली नाही.

"आजी," तिने विचारलं, "ही दोन वेगळी झाडं आहेत?"

"येगळीच की. तुना बोटाला लावून दाखवली न्हाय?"

"पण तुम्ही धाकली म्हणालात. मला वाटलं, कारळीचीच लहान."

"गो बाय," गोदूबाई समजावणीच्या सुरात म्हणाली, "धाकल्या जावेला आपन धाकली म्हनतो. ती काय थोरलीची लेक असते? दुसऱ्या घरातनं येते ती. नुसती येका घरात नांदते."

मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाऊज लोंबत होता. संघप्रियाने यादी मिटली आणि मला परत फाईलमध्ये सरकवलं.

"उतारावर जाऊ या," ती एकदम म्हणाली. "आता. एखादं तरी असेल."

तिघी निघाल्या. गोदूबाई मंदाच्या खांद्यावर हात ठेवून, संघप्रिया मला छातीशी धरून पुढे. कुंपणाचा पत्रा एका जागी वाकलेला होता, तिथून आत शिरल्या. फाईलच्या फटीतून मला माझं घर दिसलं.

ते तिथे नव्हतं. मी माझा खडक शोधत होते, आणि माझ्या लक्षात आलं की खडक ज्या उंचीवर होता, तिथे आता नुसती हवा आहे.

"मॅडम, इधर मत आओ!" वरून मशीनवाला ओरडला. "पत्थर गिरेगा!"

संघप्रिया तरीही फिरली. दोन तास. उतरलेल्या मातीचे ढीग चाळले, कडेच्या खाचा बघितल्या. खाली नाल्यापाशी तिला जांभळट वाळकी बोंडं दिसली तेव्हा ती धावत गेली. पान चोळलं. बोटं एकमेकांना लावली. बोटं चिकटली.

ती रानकारळी होती. सर्वत्र आढळणारी.

तिने तिथूनच फोन लावला, जिथे यादी दिली होती त्या कचेरीत. आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, यादीत माझी चूक झालीय. एक झाड वेगळं होतं."

"होतं? म्हणजे आता नाही?"

"उतार कापलाय, सर."

"मग आता पाहणी कशाची करायची, मॅडम? पुरावा काय तुमच्याकडे?"

"एक फांदी आहे."

तिकडे कुणीतरी हसलं. "फांदीसाठी डोंगर परत लावायचा का? तुम्हीच लिहून दिलंय ना, सगळीकडे सापडतं म्हणून? मग शोधा सगळीकडे."

तिने फोन खाली घेतला आणि तिथेच मातीत बसली. ती रडत होती की नाही, ते मला दिसलं नाही. तिचा श्वास मात्र माझ्या कागदावर तुटक तुटक येत होता. "मी बघत नव्हते," ती म्हणत होती. "तुम्ही थांबला होतात, आजी. थांबला होतात ना? मी बघतच नव्हते. लिहीत होते."

गोदूबाई एका दगडावर टेकली. बराच वेळ तिने त्या कापलेल्या डोंगराकडे बघितलं, जितका तिला दिसत होता तितका.

"कागदावर नाव लागतां ना? खरा नाव?"

"लागतं, आजी. पण आता..."

"मंग लिव."

मंदाचं हसू केव्हाच गेलं होतं. तिला सासूचा चेहरा कळला असावा. "आई, नको. मी सांगितलंय ना तिला नाव. ते गेल्यावर कुणी उखाणा घेतं का? लोक काय म्हणतील?"

"कोन लोक?" गोदूबाई म्हणाली. "डोंगरच गेला. आता कोन ऐकतंय? तू सांगितलेला नाव तुजा. मना इचारलं व्हतां तिनं. मी दिला न्हाय."

तिने पदर डोक्यावरून नीट घेतला. नव्या नवरीला चार बायकांत बसवून नाव घ्यायला लावतात तेव्हा ती घेते, तसा. आणि मशीनच्या घरघरीत, लाल धुळीत, ती हळू आवाजात म्हणाली,

"डोंगराच्या अंगावर जांभळी फुलां दाट,
सहदेवरावांचां नाव घेतां, पोर बघते वाट."

एक फूलही नव्हतं तिथे.

अकरा वर्षांत, आणि त्याआधीही कधी हळदीकुंकवात घेतलं असेल ते सोडून, ते नाव तिच्या तोंडून निघालं नव्हतं. ते निघालं तेव्हा ज्याचं होतं तो नवरा नव्हता, ज्याला शोभायचं ते झाडही नव्हतं. मी होते, एक वाळकी फांदी, फाईलमध्ये. मला हाक मारली गेली आणि ओ द्यायला माझ्यात जीव नव्हता.

मंदाने तोंडाला पदर लावला. संघप्रियाच्या हातात पेन होतं, पण तिने त्या वेळी काही लिहिलं नाही. ती गोदूबाईच्या तोंडाकडे बघत होती. पहिल्यांदाच.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने मला टेबलावर ठेवलं आणि चिमट्याने माझं एक बी काढलं. भिंगाखाली धरून दाबलं. ते पोकळ होतं. दुसरं काढलं. पोकळ. तिसरं. मी ओरडून सांगितलं असतं, बाई गं, नको शोधूस. तू घाई केलीस, ती सगळी कच्चीच राहिली. चौदा बिया दाबून झाल्यावर तिने चिमटा खाली ठेवला.

मग तिने लॅपटॉप उघडला. स्कॉटलंडच्या त्या कपाटांतल्या शेकडो कागदांचे फोटो तिच्याकडे होते. आजवर ती रानकारळीच्या फोटोंत मला शोधत होती. आता तिने सहदेवीचे उघडले. त्यात एक फांदी होती, दीडशे वर्षांपूर्वीची. खवलं अंगाला घट्ट, टोकाशी काळपट. चिठ्ठीवर वळणदार अक्षरात जागा लिहिली होती, साष्टी बेट, घोडबंदरवरचा डोंगर. आणि गावातलं नाव, सहदेवी.

"त्या साहेबाला कसं कळलं?" सरोजाबाईंनी विचारलं.

संघप्रियाने ती जुनी चिठ्ठी मोठी करून पुन्हा वाचली. "त्याने बहुतेक एखाद्या गड्याला विचारलं असेल," ती म्हणाली.

खंडू दारात उभे होते. आज त्यांना शेळी आठवली नाही. "चिठ्ठी चुकलीय ना? मग काढून टाक. दुसरी लाव. इतकं काय मनाला लावून घ्यायचं?"

"जुनी काढायची नसते, बाबा. असा नियम आहे. नवी शेजारी चिकटवायची."

"म्हणजे चूक कायम दिसत राहणार?"

"कायम."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नियम चांगलाय," ते म्हणाले. "माणसांतही पाहिजे होता." आणि ते आत गेले.

तर अशी मी. आता माझ्या कागदावर दोन चिठ्ठ्या आहेत. पहिली तुम्ही वाचलीत. दुसरीवर लिहिलंय: सहदेवी. नाव सांगितलं गोदूबाईंनी, उखाण्यात. आधीची चूक माझी, संघप्रिया. तिची सही, तारीख. चिठ्ठी जरा तिरकी चिकटलीय.

पण मी इथे टिकणार नाही. चौथ्या मजल्यावर पावसाळ्यात भिंती ओलावतात, खाडीचा दमटपणा कपाटाच्या फटीतून आत येतो. डांबराच्या गोळ्या विरून जातात. माझ्या खालच्या पानाला आताच कसर लागलीय. एक बारीक नागमोडी रेघ. संघप्रियालाही ती काल दिसली. तीन-चार पावसाळ्यांत मी भुसा होईन, आणि मग मी होते याला त्या जुन्या फांदीखेरीज साक्षीदार नाही. त्या फांदीनंतरही दीडशे वर्षं आम्ही त्या उतारावर फुलत होतो, हे तर कुणालाच सांगता येणार नाही.

मला वाचवा, असं मी म्हणणार नाही. ती वेळ गेली. तुमच्या आसपास अजून एखादा उतार असेल, आणि त्यावर एखादी म्हातारी असेल, तर तिला नाव विचारा. आणि ती बोलायची थांबली, तर तुम्हीही थांबा. वहीतून मान वर करा. तेवढंच मागते.

आज सकाळी संघप्रिया लवकर उठली. तिने कपाट उघडलं, मला बाहेर काढलं, आणि ज्या बाईंकडे ती सही करून किल्ली मागायची त्यांना पत्र लिहायला बसली. माझ्यासारखी फांदी देशाबाहेर पाठवायला सरकारची परवानगी लागते. त्या अर्जाचे कागदही तिने काढून घेतले.

चहा ठेवता ठेवता सरोजाबाईंनी बघितलं. "तिकडे पाठवतेस? तू तर म्हणायचीस, इथलं इथेच राहिलं पाहिजे."

"हो."

"मग?"

"इथे राहायला इथे काहीतरी लागतं ना, आई," ती म्हणाली. "तिथे तिची एक बहीण आहे. तिच्या शेजारी ठेवा म्हणून लिहिते."

सरोजाबाईंनी चहा गाळला. कप तिच्याजवळ ठेवून माझ्यापासून थोडा लांब सरकवला, सांडू नये म्हणून.

अर्जात एक रकाना होता, नमुन्याचे नाव. त्याच्या शेजारी दुसरा, संख्या. पेन त्या पहिल्या रकान्यावर थोडं थांबलं. मग संघप्रियाने लिहिलं, आणि लिहिता लिहिता ते मोठ्याने म्हटलं, घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"सहदेवी. एक."